मिंट मार्कवाल्या जुन्या गिन्या: मला सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं (बडोद्याहून)

गेली बरीच वर्षं लोक मला गिनीचे फोटो पाठवून विचारतात की ही खरी आहे का, हिचे किती येतील, हिच्यावर बारीक अक्षर आहे ते काय आहे. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांमध्ये जुन्या पेट्यांतून गिन्या अजून निघतात, दांडिया बाजारातल्या वाड्यांपासून ते आता फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्यांपर्यंत सगळीकडून, म्हणून तेच तेच प्रश्न एका जागी लिहून ठेवतोय. आधी शेवटपर्यंत वाचा, मग फोटो पाठवा.

१. आमच्याकडे सगळे गिनी म्हणतात, दुकानदार सॉव्हरिन म्हणतो, आजी मोहोर म्हणायची. हे एकच का?

नाही. खरी गिनी हे इंग्लंडचं सॉव्हरिनहून जुनं नाणं, १६६३ ते १८१४ मधलं, २१ शिलिंगांचं, आणि ते आपल्याकडच्या घरात फारसं सापडत नाही. आपण ज्याला गिनी म्हणतो ते सॉव्हरिन, म्हणजे एक पौंडाचं सोन्याचं नाणं, १८१७ पासूनचं. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि खाली ड्रॅगन. वजन ७.९८८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेट, म्हणजे त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. मोहोर वेगळी. ब्रिटिश काळातली मोहोर एक जुना तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅमची, आणि संस्थानांच्या मोहरा त्याहून वेगळ्या (प्रश्न १६ बघा). इथे पुढे मी गिनीच म्हणणार कारण आपल्या तोंडात तेच बसलंय.

२. शाखा टांकसाळ म्हणजे नक्की काय? इंग्लंडचं नाणं बाहेर कसं पडायचं?

लंडनच्या रॉयल मिंटच्या शाखा. जिथे सोनं निघतं तिथेच नाणं पाडलं तर सोनं बोटीतून लंडनला नेऊन परत आणायचा खर्च आणि धोका वाचतो, इतकं साधं कारण. ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं म्हणून आधी सिडनी (१८५५), मग मेलबर्न (१८७२), मग पर्थ (१८९९). कॅनडात ओटावा (१९०८). दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया (१९२३). आणि मधे थोड्या काळासाठी आपली मुंबई, १९१८. या शाखांची नाणी वजनाला, कसाला, दिसायला लंडनसारखीच, फरक एका बारीक अक्षराचा, त्यालाच मिंट मार्क म्हणतात: सिडनीचं एस, मेलबर्नचं एम, पर्थचं पी, ओटावाचं सी, प्रिटोरियाचं एसए, मुंबईचं आय. अक्षर नसेल तर लंडन. अपवाद सिडनीच्या सुरुवातीच्या नाण्यांचा, १८५५ ते १८७० मध्ये त्यांची डिझाईनच वेगळी होती, मागे सरळ सिडनी मिंट असं लिहिलेलं, आणि ती जरा जास्त पिवळी दिसतात कारण तेव्हा तिथे सोन्यात तांब्याऐवजी चांदी मिसळायचे. त्यामुळे अशा नाण्याच्या मशीन टेस्टमध्ये चांदी आली तर घाबरू नका.

३. अक्षर शोधून शोधून डोळे दुखले, सापडत नाही. कुठे बघायचं?

घोड्याची बाजू वर करा. ड्रॅगन ज्या जमिनीवर पडलाय ती जमिनीची पट्टी आणि तिच्या खाली साल. त्या पट्टीत, सालाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे १९१८ असेल तर ९ आणि १ च्या डोक्यावर, बारीक अक्षर असतं. १८८७ पासून पुढच्या नाण्यांवर ही जागा. त्याआधीच्या तरुण व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर घोडा असेल तर अक्षर राणीच्या मानेखाली असतं, आणि मागे घोड्याऐवजी ढाल असलेल्या नाण्यांवर ढालीच्या खाली. उजेड बाजूने पडू द्या आणि १० पटीचं भिंग वापरा, मोबाईलच्या झूमने अक्षर पसरट दिसतं आणि एम चा पी होतो. सालाच्या उजवीकडे टोकाला जी दोन अक्षरं दिसतात ती मिंट मार्क नाहीत, ती बी.पी., डिझाईन करणाऱ्या बेनेदेत्तो पिस्त्रुचीची. मला आलेल्या दर पाच फोटोंत एक जण तरी या बी.पी. ला पर्थ समजतो.

४. माझ्याकडे १९१८ ची मुंबई, आय मार्कवाली आहे. फार दुर्मीळ ना? कोणी म्हणालं लाखो रुपये येतात.

लाखो वगैरे विसरा, पण नाणं सुंदर आहे आणि आपलं आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रावर पाणबुड्यांची भीती, भारतात सोनं पडून होतं आणि रोखीला नाणी कमी पडत होती, म्हणून रॉयल मिंटने मुंबईच्या टांकसाळीत शाखा उघडली. १९१८ च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झालं आणि पुढच्या वर्षी बंद. सगळ्या नाण्यांवर साल १९१८ च. जवळपास १३ लाख नाणी पाडली, म्हणजे दुर्मीळ म्हणता येत नाही. पण भारतात पडलेलं हे एका सालापुरतं सॉव्हरिन असल्यामुळे मागणी कायम असते आणि चांगल्या अवस्थेतल्याला सोन्याच्या भावावर थोडं जास्त मिळतं. झिजलेलं, माळेत ओवायला कान लावलेलं असेल तर सोन्याचाच भाव धरा.

५. माझ्या १९१८ च्या नाण्यावर घोडाच नाही, १५ रुपये लिहिलंय. नकली आहे का?

उलट, हे खरं असेल तर जपा. मुंबईतली ती शाखा सुरू व्हायच्या आधी त्याच टांकसाळीत १५ रुपयांचं सोन्याचं नाणं पाडलं होतं, तेही १९१८ चंच. एका बाजूला मुकुट घातलेला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या आत १५ रुपये. वजन आणि कस गिनीसारखाच, कारण १८९९ च्या कायद्याने एक सॉव्हरिन म्हणजे १५ रुपये हा भाव ठरलेला होता. सोनार बऱ्याचदा दोन्ही गिनी म्हणून एकाच भावात घेतो आणि तिथेच विकणाऱ्याचं नुकसान होतं, कारण संग्राहकांच्या बाजारात १५ रुपयांचं नाणं गिनीपेक्षा बरंच महाग जातं. म्हणूनच याचे नकलीही जास्त निघतात. तपासणी प्रश्न ८ ते १० सारखीच.

६. नवीन आहे, सुरुवात कुठून करू? डायरेक्ट दुर्मीळ घेऊ का?

नको. आधी पंचम जॉर्जच्या साध्या गिन्या घ्या, सिडनी, मेलबर्न, पर्थ, ज्या सोन्याच्या भावाच्या आसपास मिळतात, आणि त्या इतक्या वेळा हातात घ्या की खऱ्या नाण्याचा पोत बोटांना कळायला लागेल. एक छान सुरुवात सांगतो. १९१८ या एकाच सालात सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा आणि मुंबई अशा पाच टांकसाळींनी गिन्या पाडल्या आणि लंडनने एकही नाही. ही पाच नाणी जमवली की तुमच्याकडे एका सालाचा पूर्ण सेट झाला, आणि पाचही शेजारी ठेवून बघितली की प्रत्येक टांकसाळीचा ठसा थोडा वेगळा उठलेला कळतो. यात ओटावाचं जरा शोधावं लागेल, बाकी चार मिळतात.

खरी दुर्मीळ कोणती विचाराल तर ओटावाची १९१६ (६,१११ पाडली होती आणि आज मोजकीच शिल्लक आहेत), ओटावाची १९०८ (फक्त ६३६), सिडनीची १९२०, प्रिटोरियाची १९२३ आणि १९२४. यातलं एखादं कोणी तुम्हाला स्वस्तात देतोय असं वाटलं तर पैसे खिशातून काढू नका, आधी प्रश्न १० आणि ११ वाचा.

७. वजन, माप घरी कसं तपासायचं? मशीन नाही माझ्याकडे.

०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि एक कॅलिपर, दोन्ही ऑनलाईन मिळतात आणि महागही नाहीत. वजन ७.९८८ च्या आसपास, व्यास २२.०५ मिमी, जाडी साधारण दीड मिमी. अर्ध्या गिनीचं वजन ३.९९ आणि व्यास १९.३.

मग पाण्याची टेस्ट, ही मला सगळ्यात आवडते. काट्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवून काटा शून्य करा. नाणं शिवणाच्या बारीक दोऱ्यात बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, हात स्थिर ठेवा, बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका. आता काटा ०.४५ किंवा ०.४६ दाखवायला हवा, कारण २२ कॅरेट सोनं पाण्याच्या साधारण साडेसतरा पट जड असतं आणि ७.९८८ भागिले तेवढं केलं की हाच आकडा येतो. १८ कॅरेटचं असेल तर ०.५१-०.५२, १४ कॅरेटचं असेल तर ०.६० च्या आसपास, पितळेवर मुलामा असेल तर सरळ ०.९० च्या वर. कान लावलेल्या नाण्याला ही टेस्ट नीट लागत नाही कारण कान जोडायचा डाख कमी कसाचा असतो.

काट्यावर ८.१ किंवा ७.८ आलं तर तिथेच थांबा. थोडं कमी येत असेल तर प्रश्न १४.

८. हॉलमार्क सेंटरवर मशीनने ९१६ (म्हणजे २२ कॅरेट) आलं, पाण्याची टेस्टही पास. मग खरीच ना?

हाच तो प्रश्न ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. सोनं खरं असणं वेगळं आणि नाणं खरं असणं वेगळं.

आपल्याला वाटतं नकली म्हणजे पितळ. पण गिनीच्या बाबतीत सगळ्यात त्रासदायक नकली ही चांगल्या सोन्याचीच असते. दुसऱ्या महायुद्धानंतर गिनीला नुसत्या सोन्यापेक्षा जास्त भाव मिळायचा, म्हणून १९५० च्या सुमाराला बेरूत आणि इटलीकडे लोकांनी बरोबर वजनाच्या, जवळपास बरोबर कसाच्या गिन्या स्वतःच्या ठशाने पाडल्या आणि वरचा फरक खिशात घातला. त्या जगभर पसरल्या. शिवाय आपल्याकडे सोनारही माळेसाठी गिनीच्या छापाचे दागिने करून द्यायचे, जशा पुतळ्यांच्या माळेत सगळ्या पुतळ्या खऱ्या व्हेनिसच्या नसतात तसंच, त्यात फसवणूक नव्हती, तो दागिनाच होता. पण तीन पिढ्यांनंतर पेटीतून निघाल्यावर आता कोणाला आठवतंय.

मशीन फक्त वरच्या थरात कोणता धातू किती ते सांगतं. घोड्याचे पाय बरोबर आहेत का हे त्याला कळत नाही. आपल्या घडियाळी पोळेतला जुना चोकसी, म्हणजे सोनं पारखणारा, कस इतका अचूक सांगेल की मशीन लाजेल, पण त्याचा धंदा सोन्याचा आहे, नाण्याचा नाही, आणि त्याने सोनं चोख म्हटलं याचा अर्थ एवढाच की तुमचं सोन्याचं मोल बुडणार नाही. तुम्ही सोन्याच्या भावात घेतली असेल तर ठीक आहे, काही बिघडलं नाही. पण ओटावा १९१६ म्हणून कितीतरी पट पैसे मोजले असतील तर ९१६ च्या पावतीचा काहीच उपयोग नाही. म्हणून पुढचा प्रश्न नीट वाचा.

आणि एक विनंती, कसोटीच्या दगडावर गिनी घासू देऊ नका. काठावर घासली की दातांची ओळ सपाट होते आणि तो चट्टा कायमचा. सोनाराला आधीच सांगा, काका, घासू नका, मशीनवरच बघा.

९. मग डिझाईनवरून कसं ओळखायचं? काय काय बघू?

भिंग घ्या आणि शेजारी एक खात्रीची खरी गिनी ठेवा, एकटं नाणं बघून भल्याभल्यांना कळत नाही. मी ज्या क्रमाने बघतो ते सांगतो.

आधी मोकळी जागा, राजाच्या चेहऱ्यासमोरची. खऱ्या नाण्यात ती झिजली तरी घट्ट आणि सपाट दिसते. ओतीव नकलीत ती रवाळ दिसते, साबणावर हात फिरवल्यासारखी मऊ, बारीक खड्डे. ठशाने पाडलेल्या नकलीत उलट, अक्षरांच्या मधे बारीक उंचवटे, धातूचे दाणे दिसतात, कारण ठसा करताना राहिलेले खड्डे नाण्यावर उंचवटे होऊन येतात. मग अक्षरं. खऱ्याची कड खाली जमिनीला काटकोनात भिडते, नकलीची गोलसर वितळल्यासारखी. बी.पी. बघा. माझ्याकडे शिकवायला एक नकली ठेवलीय, तिच्यात पी चं पोट बुजून नुसता ठिपका झालाय आणि बी म्हणजे तांदळाचा दाणा. राजाच्या बाजूला मानेच्या कापावर बी.एम. असतं, बर्ट्राम मॅकेनलचं, तेही तसंच तपासा.

मग घोडा. लगाम कुठून कुठे जातो, पुढच्या खुरांची टोकं, सेंट जॉर्जच्या बोटांनी धरलेली तलवार, त्याच्या टोपावरचा तुरा. नकली बनवणारा मोठ्या गोष्टी बरोबर करतो आणि बोटं, खूर, दाढी इथे उघडा पडतो. काठाचे दात मोजायची गरज नाही पण ते एकसारखे, खोल आणि सरळ हवेत, तिरके किंवा कानशीने दुरुस्त केलेले दिसले की संशय. आणि नाणं उभ्या अक्षावर फिरवा, म्हणजे राजाचं डोकं वर धरून पुस्तकाच्या पानासारखं उलटा. पंचम जॉर्जच्या गिनीत घोडाही सरळ उभा दिसला पाहिजे, उलटा नाही. (१८८७ च्या आधीच्या व्हिक्टोरियात मात्र उलटा असणं बरोबर.)

अजून एक, आणि यावर कोणी फारसं बोलत नाही. एकाच माळेतल्या दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा किंवा तोच खड्डा असेल, तर दोन्ही नकली. घाव प्रत्येक नाण्याला आपापला बसतो, दोघांना एकाच जागी सारखा बसत नाही. तो मूळ नाण्याचा घाव होता जो ठशात उतरला आणि मग प्रत्येक नकलीवर छापला गेला. भायलीकडे राहणाऱ्या एका ताईंच्या माळेतल्या अकरापैकी चार गिन्यांवर राजाच्या कानाखाली तोच चंद्रकोरीसारखा खड्डा होता, चारही १९११, चारही चोख सोन्याच्या.

१०. नुसतं साल आणि अक्षर बघून नकली कळते का?

कधी कधी एका सेकंदात, कारण नकली बनवणाऱ्यांनी इतिहास वाचलेला नसतो. पंचम जॉर्जच्या गिन्या लंडनने १९११ ते १९१७ आणि मग एकदम १९२५ ला पाडल्या. म्हणजे १९१८, १९१९, १९२०, १९२१, १९२२, १९२३, १९२४ यातलं साल आणि अक्षर नाही, तर ती टांकसाळीची नाही. मुंबईचं आय फक्त १९१८, त्यामुळे १९१७ आय, १९१९ आय असं नाणंच नाही. ओटावाने १९१२ आणि १९१५ ला गिनी पाडली नाही. सिडनी १९२६ ला थांबली, मेलबर्न आणि पर्थ १९३१, प्रिटोरिया १९३२. अर्ध्या गिन्या मुंबईने आणि ओटावाने पाडल्याच नाहीत, त्यामुळे अर्ध्या गिनीवर पंचम जॉर्ज आणि सी किंवा आय दिसला की विषय संपला. आणि १९२९ पासून राजाचं डोकं थोडं लहान केलंय, तर १९३० च्या नाण्यावर जुनं मोठं डोकं बसवलेलं असेल तर तेही चुकीचं.

उलटा अपवाद पण लक्षात ठेवा. लंडनची १९२५ फार नवी, चकचकीत दिसते म्हणून लोक नकली म्हणतात, पण रॉयल मिंटने १९४९ ते १९५२ च्या दरम्यान १९२५ हेच साल घालून पुन्हा नाणी पाडली होती, त्यामुळे ती नवी दिसणं बरोबर आहे.

११. नाणं खरं पण अक्षर खोटं, असं होतं का?

होतं, आणि हे सगळ्यात अवघड. साध्या खऱ्या नाण्यावर अक्षर चिकटवतात किंवा कोरून उठवतात, म्हणजे वजन, कस, डिझाईन सगळं पास. भिंगाखाली फक्त अक्षराच्या पायाकडे बघा. खरं अक्षर जमिनीतून उगवल्यासारखं दिसतं, चिकटवलेल्याभोवती केसाएवढी रेघ किंवा रंगाचा फरक, कोरलेल्याभोवतीची जमीन थोडी खोल गेलेली.

उलटंही करतात. लंडनची १९१७ दहा लाखांवर पाडली होती पण आता फार थोडी दिसतात, त्यामुळे तिला मोठा भाव आहे, आणि १९१७ च्या सिडनी-पर्थच्या स्वस्त नाण्याचं अक्षर खरवडून ती लंडन म्हणून विकतात. तिथे सालाच्या वरची जमीन नको तितकी गुळगुळीत दिसते. १९१७ बिनअक्षराची घेताना मी स्वतःच्या डोळ्यावरही विश्वास ठेवत नाही, प्रश्न १५ मधला मार्ग धरतो.

१२. माळेत कान लावलेल्या गिन्या आहेत. कान काढून घेऊ का?

नको, कृपा करून नको. कान काढला तरी डाखाचा डाग आणि तिथली बुजलेली अक्षरं राहतातच, वरून तापवल्याने रंग बदलतो. संग्राहकासाठी कान लावलेलं आणि कान काढलेलं दोन्ही जवळपास सोन्याच्याच भावाचं, मग माळ मोडून काय मिळवलं?

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या आईच्या माळेत सहा गिन्या होत्या, त्यात एक मेलबर्नची जुनी, तरुण व्हिक्टोरियाची. मी तेव्हा नवा होतो, उत्साहात एका सोनाराकडून सगळे कान काढून घेतले, त्याने चांगल्या मनाने पॉलिशही मारून दिलं, मला सरप्राईज म्हणून. नाणी घरी आणली, आईने हातात घेतली आणि म्हणाली, या माझ्या नाहीत. घोड्याची आयाळ गेली होती, राणीच्या केसांच्या बटा एकजीव झाल्या होत्या. ती माळ आईला तिच्या सासूबाईंनी लग्नात घातली होती. मी माळ परत ओवून दिली पण तिने ती पुन्हा घातली नाही.

१३. नाणं काळपट दिसतंय, चिंच, रिठा, टूथपेस्ट काही लावू का?

काहीच लावू नका. मळ तेलकट असेल तर साध्या पाण्यात साबणाचा एक थेंब, बोटाने न घासता नुसतं हलवायचं, स्वच्छ पाण्यातून काढून मऊ कापडावर टिपायचं. लालसर ठिपके दिसतात ते बहुतेक तांब्याचे असतात, ते असू द्या. ठेवताना काठाला धरायचं, २२ मिमीची कॅप्सूल वापरायची, वासाच्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात नाही.

१४. वजन ७.९५ आलं. घेऊ का सोडू?

झीज असेल तर चालतं. त्या काळी इंग्लंडच्या कायद्यातच गिनी व्यवहारात चालण्यासाठी कमीत कमी वजन ठरलं होतं, साधारण ७.९४ ग्रॅम, त्याखाली गेली की ती मागे घ्यायची. म्हणून झिजलेल्या चेहऱ्याची ७.९५ एकदम समजण्यासारखी. पण नाणं कोरं करकरीत, घोड्याची प्रत्येक शीर दिसतेय आणि वजन ७.९२, तर ते वजन गेलं कुठे? तसं नाणं मी घेत नाही.

१५. स्लॅबमधलं घेतलं तर टेन्शन नाही ना?

महाग नाण्याला मीही हाच मार्ग सांगतो. पीसीजीएस किंवा एनजीसी या अमेरिकन कंपन्या नाणं तपासून, ७० पैकी ग्रेड देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सील करतात, तोच स्लॅब. पण डबीचीही नक्कल निघते, म्हणून डबीवरचा नंबर त्यांच्या साईटवर टाका आणि तिथे फोटो असेल तर ओरखडा न् ओरखडा जुळवा. डिटेल्स असं लिहिलेलं असेल तर नाणं खरं पण धुतलेलं, घासलेलं किंवा कान काढलेलं, भाव त्याप्रमाणे. साध्या गिनीसाठी हा खर्च करू नका. आणि स्वतःचं जुनं नाणं ग्रेडिंगला परदेशी पाठवायचा विचार असेल तर आधी प्रश्न १७.

१६. आपल्या बडोद्याचीच सोन्याची मोहोर असते म्हणे, सयाजीरावांची?

असते, आणि बघितली की छाती भरून येते. सयाजीराव महाराज तिसरे यांच्या काळात बडोद्याच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेल्या सोन्याच्या मोहरा आणि तिचे भाग आहेत, महाराजांचा चेहरा, देवनागरी अक्षरं आणि विक्रम संवत. संवतातून ५६ किंवा ५७ वजा केले की इसवी साल येतं, लोक १९५२ वाचून स्वातंत्र्यानंतरची समजतात ती हीच. ही कोणाची शाखा नाही, संस्थानाची स्वतःची टांकसाळ, म्हणून वरची अक्षरांची चर्चा इथे लागू नाही.

फसवणुकीचा नेहमीचा प्रकार म्हणजे चांदीच्या बाबाशाही रुपयावर सोन्याचा मुलामा. वाचा नीट, एक रुपया लिहिलेलं असेल तर ती मोहोर नाही. मुलाम्याची चांदी काठाच्या दातांवर पांढरी डोकावते, आणि पाण्याच्या टेस्टमध्ये लगेच कळतं कारण चांदी सोन्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त जड.

१७. काका, जुनी नाणी घरात ठेवणं गुन्हा आहे का? मुलगा अमेरिकेत आहे, त्याला पाठवू का?

वारशाने आलेली नाणी घरात ठेवणं गुन्हा नाही. पण शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, पाकिटातून नाही, बॅगेतून नाही, सुनेच्या गळ्यात घालूनही नाही. १९१८ ची मुंबई यात कधीच आली, १९२० च्या दशकातलीही एकेक करून येतायत. मुलाला द्यायची असेल तर इथे लॉकरमध्ये त्याच्या नावाने चिठ्ठी घालून ठेवा. पुरावस्तूंचा व्यापार करायचा तर लायसन्स लागतं, म्हणून विकत घेतानाही बिल देणाऱ्या माणसाकडूनच घ्या.

जुना वाडा पाडताना जमिनीतून किंवा भिंतीतून नाणी निघाली तर ती वेगळी गोष्ट. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. लपवलं तर त्रास होतो, कळवलं तर हक्काचा विचार होतो.

१८. आय मार्क आहे पण साल २०१३ आहे. हे काय?

खरंच आहे. रॉयल मिंटच्या परवानगीने एमएमटीसी-पॅम्प या कंपनीने हरियाणात पुन्हा आय मार्कच्या गिन्या पाडल्या, त्यावर दुसरी एलिझाबेथ. जुनी नाही, पण १९१८ च्या शेजारी ठेवायला मजा येते.

१९. विकायची आहे. किती मागू?

आधी सोन्याचं मोल काढा: ७.३२ गुणिले त्या दिवसाचा २४ कॅरेटचा एका ग्रॅमचा भाव. समजा ग्रॅमला १०,००० असेल तर ७३,२०० झाले. सोनार यातून काहीतरी कापतो, साध्या नाण्याला संग्राहक थोडं वर देतो, दुर्मीळ असेल तर गणितच वेगळं. घाई असेल तरी दोन ठिकाणी विचारा, एक सोनार आणि एक नाण्यांचा माणूस, आणि नाणं डोळ्याआड होऊ देऊ नका. दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, टॅक्सचं तुमच्या सीएला विचारा.

२०. आजीच्या माळेतल्या पाचपैकी दोन नकली निघाल्या. आता काय करू? कोणाला सांगू की नको?

घरात सांगा. सोनं खरं असेल तर आजीचं काहीच नुकसान झालेलं नाही, तिने दागिना म्हणून घेतला, दागिना म्हणून घातला. वाटणी व्हायची असेल तर वजनावर करा, नावावर नको, म्हणजे एका बहिणीकडे ओटावा गेली आणि दुसरीकडे नकली असा तिढा राहणार नाही. माळ मोडू नका. पण एका कागदावर प्रत्येक गिनीचं साल, अक्षर, वजन आणि खरी की छापाची हे लिहा, जमल्यास दोन्ही बाजूंचे फोटो, आणि तो कागद माळेच्याच डबीत ठेवा. मी आईच्या माळेचाही असा कागद केलाय, त्यात मेलबर्नच्या गिनीपुढे पॉलिश कोणी, कधी मारलं तेही लिहिलंय.